जशी दृष्टी, तशी सृष्टी?

मराठीत काही म्हणी अशा आहेत की त्या उच्चारल्या की वाद संपतो. 'जशी दृष्टी तशी सृष्टी' ही त्यांपैकीच एक. वर्गात कोणी परीक्षापद्धतीबद्दल तक्रार करावी, गाडीत कोणी गर्दीबद्दल कुरकुर करावी, घरी कोणी महागाईचा विषय काढावा, आणि एखाद्या वडीलधाऱ्या गृहस्थाने शांतपणे ही म्हण पुढे करावी. समोरचा गप्प बसतो. दोष जगात नसून आपल्याच डोळ्यांत असावा, असे त्याला वाटू लागते. अलीकडे तर ही म्हण नवा पोशाख घालून आली आहे. व्याख्यानांतून, पुस्तकांच्या दुकानांतून आणि मोबाईलच्या पडद्यावरून आपल्याला सांगितले जाते की बाह्य जग हा मनाचा आरसा आहे. आतले बदला म्हणजे बाहेरचे आपोआप बदलेल.

हे खरे आहे काय? खरे असल्यास किती खरे आहे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करण्याचा माझा प्रयत्न आहे. मी तत्त्वज्ञान हा विषय घेऊन बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला शिकते. राहते बदलापूरला, शिकायला येते उल्हासनगरला, आणि वाटेत अंबरनाथ लागते. अशा प्रश्नाच्या उत्तरासाठी काशीला किंवा जर्मनीला जायला हवे असे अनेकांना वाटते. माझे मत वेगळे आहे. आपल्या या तीन गावांत या प्रश्नाची पुरेशी साक्ष पडलेली आहे; फक्त ती कोणी तपासत नाही.

आरंभीच एक घोटाळा दूर केला पाहिजे. 'जग हा मनाचा आरसा आहे' या एका वाक्यात तीन निरनिराळी विधाने दडलेली आहेत. पहिले असे, की जग मला कसे दिसते हे माझ्या मनावर अवलंबून असते. दुसरे असे, की माझ्या आयुष्यात जे घडते ते माझ्या मनामुळे घडते. आणि तिसरे असे, की मनाबाहेर जग म्हणून काही नाहीच. पहिले विधान मानसशास्त्राचे, दुसरे कार्यकारणाचे आणि तिसरे तत्त्वज्ञानाचे. बोलणारा बहुधा पहिल्यापासून सुरुवात करतो, तिसऱ्याचा थोडा धूप दाखवतो आणि दुसरे आपल्या गळ्यात बांधून निघून जातो. म्हणून ही तिन्ही वेगवेगळी तपासू.

पाहणाऱ्याचा वाटा

आपण जे पाहतो त्यात पाहणाऱ्याचा वाटा असतो, हे कोणीही नाकारणार नाही. सकाळी उल्हासनगर स्टेशनवर उतरणारी माणसे पाहावीत. कापडाच्या व्यापाऱ्याला गजानन मार्केटची वाट दिसते, लग्नघरच्या मंडळींना फर्निचर बाजाराची, आणि परीक्षेच्या दिवसांत आम्हां विद्यार्थ्यांना फलाटावरच्या घड्याळाखेरीज काहीच दिसत नाही. स्टेशन एकच, पण प्रत्येकाचे निराळे.

उल्हासनगरचा तो जुना विनोद आपल्या सर्वांना ठाऊक आहे. येथे तयार झालेल्या मालावर 'मेड इन यूएसए' असा शिक्का असे म्हणतात, आणि कोणी हटकलेच तर उत्तर मिळे की यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन! विनोद कोणी रचला हे बाजूला ठेवू. त्यातले मानसशास्त्र पक्के आहे. शिक्क्यावर फक्त तीन अक्षरे होती. अमेरिका गिऱ्हाइकाच्या मनात होती.

याच गोष्टीचा प्रयोग जेरोम ब्रूनर आणि सेसिली गुडमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९४७ साली केला. दहा वर्षांच्या तीस मुलांना त्यांनी एका पडद्यावरचे प्रकाशाचे वर्तुळ लहानमोठे करून नाण्यांचा आकार दाखवायला सांगितले. काही मुलांना नाण्यांऐवजी तेवढ्याच पुठ्ठ्याच्या चकत्या दिल्या होत्या. चकत्यांचा आकार मुलांनी बराचसा बरोबर दाखवला; नाण्यांचा मात्र मोठा दाखवला. आणि त्यातही गरीब घरच्या मुलांनी श्रीमंत घरच्या मुलांपेक्षा अधिक मोठा दाखवला. नंतरच्या संशोधकांना प्रत्येक वेळी इतका फरक आढळला नाही, हेही सांगितले पाहिजे. परंतु गरज आणि ओढ यांचा पाहण्यावर परिणाम होतो, ही कल्पना त्या प्रयोगाने मानसशास्त्रात रुजवली.

तेव्हा पहिले विधान मान्य. पण येथेच थांबून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मुलाला नाणे मोठे भासले, म्हणून ते नाणे मोठे झाले नाही. मुलांचा अंदाज मोठा आहे हे संशोधकांना कशावरून कळले? नाण्याला स्वतःचे माप होते आणि ते कोणाच्या मनावर अवलंबून नव्हते, म्हणूनच ना? दृष्टीत फरक पडला हे सिद्ध करायलादेखील न बदलणारी सृष्टी लागते! 'काविळीला सगळे जग पिवळे' असे आपण म्हणतो. वस्तुतः काविळीत रुग्णाचे डोळे इतरांना पिवळे दिसतात, रुग्णाला जग सहसा पिवळे दिसत नाही. म्हण वापरणारे जगाची परीक्षा किती कमी करतात, याचा हा एक नमुना.

दगड आणि त्याचे वाचक

आता अंबरनाथला उतरू. वालधुनीच्या काठचे शिवमंदिर आपल्यापैकी बहुतेकांनी महाशिवरात्रीच्या गर्दीत पाहिले असेल. एखाद्या रिकाम्या दुपारीही पाहावे. शिलाहार राजांच्या काळातले, भूमिज पद्धतीचे, काळ्या दगडातले हे मंदिर आहे. उत्तरेकडच्या दारावरील पट्टीवर आतल्या अंगाला एक शिलालेख कोरलेला आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो वाचला आणि त्यातला शक ७८२, म्हणजे इ. स. ८६०, असा लावला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तोच लेख वाचून शक ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असा लावला. एका अंकाच्या वाचनामुळे मंदिराचे वय दोनशे वर्षांनी बदलले.

दोघेही थोर विद्वान, दोघांचेही डोळे तयार, दोघांच्याही समोर तोच दगड. जग हा जर केवळ मनाचा आरसा असता, तर भाऊ दाजींचे मंदिर ८६०चे आणि भगवानलालांचे १०६०चे, अशी दोन्ही उत्तरे सारखीच खरी मानावी लागली असती. तसे झाले नाही. आज अभ्यासक १०६० हेच वर्ष मानतात. लेखात मम्वाणी, म्हणजेच मुम्मुणी, या शिलाहार राजाचे नाव आहे. त्याचा वडील भाऊ छित्तराज याचा भांडुप येथे सापडलेला ताम्रपट शक ९४८ चा, म्हणजे इ. स. १०२६ चा आहे. त्या राजाचा धाकटा भाऊ दीडशेहून अधिक वर्षे आधी कसा असेल? एका जागचा ताम्रपट दुसऱ्या जागच्या शिलालेखाची साक्ष देतो.

यावरून मला वाटते, जगाला आरशापेक्षा पुस्तकाची उपमा अधिक शोभते. वाचणारा आपल्या तयारीप्रमाणे वाचतो, कधी चुकीचे वाचतो. पण पुस्तकातली अक्षरे वाचकाने लिहिलेली नसतात, आणि म्हणूनच चुकीचे वाचन दुरुस्त होऊ शकते. आरशात मात्र दुरुस्त करण्यासारखे काही नसते. जो पाहील तो त्यात दिसणार.

आचार्यांचे मत

यावर कोणी म्हणेल, की हे सारे व्यवहारातले झाले. आपल्या तत्त्वज्ञानाने तर जग मिथ्या आहे आणि मनातच आहे असे केव्हाच सांगून ठेवले आहे. हा समज इतका दृढ आहे की त्याची तपासणी करणे भाग आहे.

बाह्य वस्तू नाहीत, केवळ विज्ञान म्हणजे जाणीव आहे, असे स्पष्टपणे मांडणारे आपल्याकडील प्रमुख तत्त्वज्ञ म्हणजे बौद्ध विज्ञानवादी. वसुबंधूने 'विंशतिका' या छोट्या ग्रंथात हा पक्ष मांडला. जग मनातच असेल तर अनेकांना एकच वस्तू एकाच वेळी कशी दिसते, ही शंका त्याने स्वतःच उपस्थित केली आणि उदाहरण दिले ते नदीचे: प्रेतयोनीतल्या साऱ्या जीवांना, त्यांच्या सारख्या कर्माच्या परिपाकामुळे, पुवाने भरलेली एकच नदी दिसते. हा नदीचा दृष्टान्त वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे आपल्याला एका खऱ्या नदीशी गाठ घालायची आहे.

या विज्ञानवादाचे खंडन कोणी केले? इतरांबरोबर प्रत्यक्ष शंकराचार्यांनी! ब्रह्मसूत्रांवरील भाष्याच्या दुसऱ्या अध्यायात ते म्हणतात की खांब किंवा भिंत पाहताना आपण आपली जाणीव पाहत आहोत असे कोणालाही वाटत नाही. आपण खांब आणि भिंतच पाहतो. विज्ञानवादी म्हणतो की आतलीच वस्तू 'बाहेर असल्यासारखी' भासते. आचार्यांचे उत्तर असे, की बाहेर काहीच नसेल तर 'सारखी' हा शब्द आला कोठून? विष्णुमित्र हा वंध्येच्या पुत्रासारखा दिसतो, असे कोणी म्हणत नाही. स्वप्न आणि जागृती यांतही ते भेद करतात: स्वप्नातले जागे झाल्यावर खोटे ठरते, जागेपणीचे तसे ठरत नाही.

आचार्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या दक्षिणामूर्तिस्तोत्राच्या आरंभी विश्वाला आरशात दिसणाऱ्या नगरीची उपमा आहे, हे खरे. परंतु तेथला आरसा म्हणजे तुमचे-माझे काळज्यांनी भरलेले मन नव्हे. तेथे एकमेव आत्मतत्त्वाची गोष्ट चालली आहे. अद्वैतात दृष्टिसृष्टिवाद नावाचाही एक पक्ष आहे. पण शेजाऱ्याच्या घरात चोरी झाली ती त्याच्या नकारात्मक विचारांमुळे, असा निष्कर्ष त्यातूनही निघत नाही. पश्चिमेकडे बिशप बर्कलीने १७१० साली वस्तूंचे अस्तित्व जाणीवेवर अवलंबून असते असे मांडले. पण आपण डोळे मिटले की वस्तू नाहीशा होतात असे त्यालाही म्हणायचे नव्हते. त्या ईश्वराच्या जाणिवेत राहतात, अशी त्याची व्यवस्था होती. सारांश, पूर्वेकडचा काय किंवा पश्चिमेकडचा काय, कोणताही मोठा तत्त्वज्ञ असे म्हणत नाही की प्रत्येक माणसाचे खासगी मन त्याच्या घरापुढचा रस्ता, त्याचा पगार आणि त्याचा ताप निर्माण करते. तत्त्वज्ञांच्या नावावर खपवला जाणारा हा माल त्यांचा नाही. त्यावरचा शिक्काही बहुधा 'मेड इन यूएसए' असावा!

पाणी कोणाचे प्रतिबिंब?

आता राहिले दुसरे विधान: माझ्या आयुष्यात घडते ते माझ्या मनामुळे. माझ्या दृष्टीने हेच सर्वांत महत्त्वाचे, कारण याच विधानाने माणसे दुखावली जातात.

२६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली. एक हजाराहून अधिक प्रवासी रात्रभर गाडीत होते. त्यांत गरोदर स्त्रिया होत्या, लहान मुले होती. दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल आणि आसपासचे ग्रामस्थ यांच्या मदतीने सर्वांची सुखरूप सुटका झाली. आता मला सांगा, ते पाणी कोणाच्या मनाचे प्रतिबिंब होते? हजार प्रवाशांची हजार मने होती. कोणी घाबरले असेल, कोणी नामस्मरण करत असेल, कोणी गाढ झोपलेही असेल. प्रत्येकाच्या मनातली रात्र वेगळी होती, हे पहिले विधान येथेही खरेच आहे. पण रुळांवरचे पाणी सर्वांसाठी एकाच उंचीचे होते. ते पावसामुळे आले होते आणि उल्हास नदी पात्राबाहेर पडल्यामुळे आले होते.

दुसरी नदी वालधुनी. अंबरनाथजवळच्या काकोळ्याच्या डोंगरातून ती निघते, शिवमंदिराच्या पायाशी येते, पुढे उल्हासनगरातून कल्याणकडे जाते. कारखान्यांचे आणि जीन्स धुणाऱ्या-रंगवणाऱ्या गाळ्यांचे पाणी वर्षानुवर्षे तिच्यात आले. वसुबंधूच्या प्रेतांना कर्मामुळे पुवाची नदी दिसत होती. आपल्याला कधी निळे, कधी लाल पाणी दिसले, आणि ते पाहायला कोणत्याही योनीत जावे लागले नाही. २०१४ च्या अखेरीस या नदीत रसायन सोडले गेले आणि त्याच्या वायूने उल्हासनगरातील शेकडो रहिवाशांना रुग्णालयात न्यावे लागले. त्या रात्री नदीकाठी निजलेल्या माणसांमध्ये समाधानी लोक नव्हते काय? श्रद्धाळू नव्हते काय? तान्हे मूल तर नकारात्मक विचारही करू शकत नाही. श्वास सर्वांचा सारखाच कोंडला. नदी हा आरसाच म्हणायचा असेल तर तो ज्यांनी टँकर रिकामा केला त्यांच्या मनाचा म्हणावा. पण त्या आरशातले तोंड त्यांचे आणि खोकला मात्र काठावरच्यांचा, हा कसला न्याय?

आणि उल्हासनगर तर या प्रश्नाचे सर्वांत मोठे उदाहरण. दुसऱ्या महायुद्धात येथे लष्कराची छावणी होती. १९४७ साली फाळणी झाली. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल उसळली, आणि सिंधमधून निघालेल्या कुटुंबांचा ओघ वाढला. लाखाच्या घरात माणसे या छावणीच्या बराकींत येऊन राहिली. एका लांबलचक बराकीत गोणपाटाचे आणि चादरींचे पडदे लावून संसार मांडले गेले. ही माणसे घरे, दुकाने, शेती आणि आपली सिंधू नदी मागे टाकून आली होती. त्यांच्या अंतःकरणात काही खोट होती म्हणून बाहेर फाळणीची रेषा उमटली, असे त्यांच्या तोंडावर म्हणण्याचे धाडस कोणात आहे?

आमच्या घरातली गोष्ट

या प्रश्नात मला केवळ परीक्षेपुरता रस नाही. माझे बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात टर्नर होते. मी शाळेत असताना तो कारखाना बंद पडला. एके दिवशी पहिल्या शिफ्टची माणसे गेली तेव्हा गेटला टाळे होते आणि नोटीस लावलेली होती. पुढचे सारे अशा घरांत होते तसेच झाले. देणी अडकली, फी थकली, दूधवाल्याला अर्धा लिटर कमी करायला सांगितले गेले.

त्या दिवसांत माझी आत्या भेटायला आली. ती मनाने वाईट नाही. येताना पाच किलो तांदूळ घेऊन आली होती. पण निघताना आईला म्हणाली, "वहिनी, तुम्ही घरात सारखी चिंता करत बसता, मग लक्ष्मी कशी थांबेल? आत प्रसन्न राहा, बाहेर आपोआप प्रसन्न होईल."

आईने तिला कुंकू लावले, पिशवी हातात दिली आणि फाटकापर्यंत सोडायला गेली. परत आल्यावर ती एवढेच म्हणाली, "गेटला टाळं लागलं त्या दिवशी सगळ्या खात्यांतल्या सगळ्या माणसांचं मन एकदमच बिघडलं होतं का गं?"

आईचे शिक्षण सातवीपर्यंत झाले आहे. पण आचार्यांनी विज्ञानवाद्याला जे विचारले तेच तिने आत्याच्या म्हणीला विचारले, असे आता तत्त्वज्ञान शिकताना मला वाटते. नुकसान अनेकांचे आहे. मग कारण एका घरातल्या एका बाईच्या मनात कसे सापडेल?

असे बोलणारी माणसे दुष्ट असतात असे नाही. मग ती असे का बोलतात? मेल्व्हिन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स यांचा १९६६ सालचा एक प्रयोग यावर प्रकाश टाकतो. काही विद्यार्थिनींना असे दृश्य दाखवले गेले की एका मुलीला पाठांतरात चूक झाली की विजेचा झटका बसतो. झटके खरे नव्हते, पण पाहणाऱ्यांना ते ठाऊक नव्हते. तिचे हाल थांबवण्याची संधी जेव्हा दिली गेली, तेव्हा बहुतेकींनी ते थांबवले आणि तिच्याबद्दल त्यांचे मतही वाईट झाले नाही. पण हाल चालूच राहणार असे जेव्हा सांगितले गेले, तेव्हा पाहणाऱ्यांनी त्या निरपराध मुलीलाच कमी लेखले. जग न्यायी आहे, ज्याचे त्याला मिळते, या समजुतीवर माणूस निर्धास्तपणे झोपतो. कोणाचे दुःख आपल्याला दूर करता येत नसेल, तर ती समजूत वाचवण्यासाठी तो दुःखिताचाच दोष शोधतो. आत्याला आमचा कारखाना उघडता येत नव्हता. तिच्याही नवऱ्याची नोकरी अशाच एका कारखान्यात होती. आमचे संकट आईच्या मनातून आले असेल, तर ते तिच्या घरी येणार नव्हते! म्हण आईला सांगितली गेली, पण धीर मात्र आत्याला हवा होता.

मन बाहेर पडते ते हातांतून

मग 'जशी दृष्टी तशी सृष्टी' ही म्हण फेकूनच द्यावी काय? नाही. तिच्यात एक खरी गोष्ट उरते, आणि ती मोठी आहे. मन जगात उमटते. पण आरशात उमटल्यासारखे आपोआप, तत्काळ आणि फुकट उमटत नाही. ते हातांतून, श्रमांतून आणि पुष्कळदा पिढ्यांमधून उमटते.

अंबरनाथच्या मंदिरात गर्भगृह सभामंडपाच्या पातळीवर नाही. सुमारे वीस पायऱ्या उतरून खाली जावे लागते. शिखराचा वरचा भाग आज नसल्यामुळे वरून आकाशाचा उजेड थेट खाली पिंडीवर येतो. देवाकडे जाण्यासाठी चढण्याऐवजी उतरायला लावायचे, ही कल्पना प्रथम कोणाच्या तरी मनातच आली असणार. पण मनातल्या कल्पनेला दगडाची जात, जमिनीचा उतार आणि छिन्नीची धार यांच्याशी झगडावे लागले. छित्तराजाच्या काळात आरंभलेले काम मुम्मुणीच्या काळात पुरे झाले असे मानतात. एका राजाच्या आयुष्यात न मावणारे हे 'प्रतिबिंब' आहे!

उल्हासनगरची गोष्ट तशीच. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते येथे नव्या वसाहतीची कोनशिला बसली आणि कल्याण कॅम्पचे उल्हासनगर झाले. ज्या माणसांनी नुकतेच सर्वस्व गमावले, त्यांच्या वसाहतीला 'उल्हास' हे नाव. त्यांच्या त्या क्षणीच्या मनाचे ते प्रतिबिंब खासच नव्हते; नाव शेजारच्या नदीवरून आले. पण त्या नावाला साजेसे गाव त्यांनी नंतर घडवले. पापड लाटून, गोळ्या-बिस्किटे गाडीत विकून, बराकीच्या तोंडाशी फळी टाकून दुकान मांडून. आजही आपण पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर चार' असे म्हणतो; छावणी गेली, नंबर राहिला. बाहेरच्या जगाने त्यांच्या मनावर जे कोरले आणि त्यांच्या मनाने बाहेरच्या जगावर जे कोरले, ते दोन्ही एकाच पत्त्यात वाचायला मिळते.

मनातली समजूत दुसऱ्या माणसांच्या वागण्यातूनही खरी होऊ शकते. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने १९४८ साली याचे वर्णन केले. चांगली चाललेली बँक बुडणार अशी खोटी आवई उठते, ठेवीदार धावत सुटतात, आणि त्यांच्या धावण्यामुळेच बँक बुडते. येथेही जादू नाही. समजुतीने पावले उचलली आणि पावलांनी परिणाम घडवला. मधली पावले वगळली की शास्त्राचा चमत्कार होतो.

बाबांचेच पाहा ना. काही महिन्यांनी त्यांनी उल्हासनगरात एका सिंधी शेठच्या गाळ्यावर लेथचे काम धरले. पगार निम्मा, पण हातातले कसब जिवंत राहिले. ते खचले नाहीत यात त्यांच्या मनाचा वाटा मोठा आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे. परंतु त्यांच्याइतकेच मनाने खंबीर असलेले त्यांचे दोन सोबती कोठेच लागले नाहीत, कारण तेवढे गाळे रिकामे नव्हते. बाबांचे मन खंबीर होते हे खरे, आणि एका गाळ्यावर एक लेथ मोकळा होता हेही तितकेच खरे. पहिलेच सांगून दुसरे गाळले, तर त्या दोघांवर अन्याय होतो.

म्हण कोणी, कोणाला सांगावी?

एवंच, माझे उत्तर असे. जग कसे दिसते यात मनाचा वाटा आहे. जग कसे आहे यात जगाचा. मन जगाला बदलू शकते, पण हातांच्या आणि इतर माणसांच्या द्वारे, आणि जग त्याला विरोध करू शकते. हा विरोध हीच मोठी कृपा आहे, कारण त्यामुळेच आपले वाचन चुकले हे कळते, शिलालेखाचा शक सुधारतो आणि नदीत कोणी काय सोडले याचा तपास करता येतो. जग नुसता आरसा असते तर वालधुनी स्वच्छ करायला ध्यान पुरले असते.

या म्हणीचा उपयोग कोठे करावा याचा एक सोपा नियम मला सुचतो, आणि तो व्याकरणाचा आहे. ही म्हण प्रथमपुरुषी वापरावी, द्वितीयपुरुषी वापरू नये. 'मला सगळे वर्गबंधू गर्विष्ठ दिसतात, यात माझ्या दृष्टीचा काही दोष नाही ना?' असे मी स्वतःला विचारले, तर म्हण औषधासारखी लागू पडते. तेच 'तुला दुःख झाले, यात तुझ्या दृष्टीचा दोष आहे' असे दुसऱ्याला सांगितले, की त्याच औषधाचे विष होते. पहिल्या वापरात मी माझे काम वाढवून घेते. दुसऱ्यात मी माझे काम टाळते.

आपल्या या पट्ट्यात गेटला टाळे लागलेली घरे आहेत, पावसाळ्यात पाणी शिरणाऱ्या चाळी आहेत, नदीकाठी खोकणारी माणसे आहेत. त्यांच्यापैकी कोणी आपल्याशी बोलू लागले, तर वाचकहो, त्यांच्या मनाची तपासणी नंतर करू. आधी विचारू या, पाणी कोठून आले, आणि टाळे कोणी लावले.